तांबोळी गुरुजींचा रविवार

तांबोळी गुरुजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिरूरच्या एका हॉलमध्ये चाळीस शिक्षकांना 'मुलांना निसर्गाकडे कसे न्यावे' हे शिकवत होतो. हॉलच्या सगळ्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कारण प्रोजेक्टरला अंधार लागतो. समोर एका झाडाचं चित्र आलं होतं. ते कुठलं झाड हे मला ओळखता येईना, म्हणून "आता या वृक्षाकडेच पाहा ना" असं मोघम म्हणून मी पुढच्या चित्राकडे सरकायच्या बेतात होतो, एवढ्यात खिशातला मोबाइल वाजला. फोन संदीपचा, माझ्या मुलाचा. "आण्णा, तांबोळी गुरुजी गेले. सकाळी, केडगावला." मी दाराशी जाऊन उभा राहिलो. बाहेर ऊन होतं. आणि मी म्हणालो, "मग मी काय करू?"

आयुष्यात मी बावळटपणा पुष्कळ केला आहे, त्यातला बराचसा खाली येईलच. पण त्या सगळ्याच्या वर हे वाक्य ठेवावं लागेल. पलीकडनं मग "काही नाही, सांगितलं," एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला. मी आत आलो आणि आणखी पाऊण तास निसर्गावर बोललो. दफनाला गेलो नाही... गेलेल्या माणसाविषयी चांगलं लिहावं, असा रिवाज आहे. मीही चांगलंच लिहिणार आहे, कारण मला भेटलेला तो सगळ्यात चांगला शिक्षक होता. पण आधीच सांगून ठेवतो, की हा माणूस मला फसवून गेला, आणि तो गेला तरी माझा राग गेलेला नाही.

मांडवगण फराट्यापासून तीन-चार किलोमीटरवर, भीमेच्या काठाला एका वस्तीवर आमची दोन शिक्षकांची, पाचवीपर्यंतची शाळा होती. दोन खोल्या, वर पत्रे, पुढं व्हरांडा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझी तिथं बदली झाली तेव्हा गुरुजी पन्नाशी ओलांडलेले. अंगकाठी बारीक, पांढरा सदरा-पायजमा, आणि डोक्यावर एक टोपी. ती गांधी टोपी की नमाजाची, हे वस्तीला कधी ठरवता आलं नाही, कारण धुऊन धुऊन तिचा मूळ आकारच नाहीसा झाला होता. घर केडगावला, नदीच्या पलीकडे, दौंड तालुक्यात. आठवडाभर ते मांडवगणात एका खोलीत राहायचे आणि शनिवारी संध्याकाळी घरी जायचे. मी मांडवगणचाच, सायकलवर येणारा.

माझा पहिला शनिवार. शनिवारची शाळा सकाळची असते हे मला माहीत होतं, पण माझ्या सायकलच्या ट्यूबला माहीत नव्हतं. मी पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. दोन्ही खोल्या उघड्या, दप्तरं ओळीनं मांडलेली, आणि माणूस म्हणून एक नाही. मी डोकं चालवलं. कुणीतरी मोठा पुढारी गेला असणार, सुट्टी जाहीर झाली असणार, आणि हा म्हातारा मास्तर खोल्यांना कुलूप लावायला विसरला असणार. मी जबाबदारीनं दोन्ही खोल्यांना कुलूप लावलं, किल्ल्या खिशात टाकल्या आणि घरी येऊन झोपलो. तासाभरानं गुरुजी ओढ्यावरनं, माळावरनं फिरवून एकेचाळीस पोरं घेऊन परत आले, तर शाळा बंद. सोमवारी एकाचाही गृहपाठ नव्हता. एक आई कमरेवर हात ठेवून व्हरांड्यात उभी राहिली. "सर, दप्तरं कोंडायची आन् पोरं मोकळी सोडायची, ही नवी पद्धत काढली व्हय सरकारनं?" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. गुरुजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "जगताप, झालं ते बरंच झालं. दप्तराशिवाय पोरं घरी कशी पळत गेली, तुम्ही बघायला पाहिजे होतं."

मग दर शनिवारी मीही जाऊ लागलो. प्रार्थना झाली, कवायत झाली की निघायचं. ओढा, माळ, नदी. कधी नांगरट, कधी तोडलेल्या उसाचं रान. नियम दोनच. पाण्यात गुडघ्याच्या वर जायचं नाही, आणि काही तोडून, पकडून आणायचं नाही. आणायची ती बातमी. इतर शाळांत व्हरांड्यातल्या फळ्यावर पोरं वर्तमानपत्रातले मथळे उतरवायची. पंतप्रधान इकडं गेले, मुख्यमंत्री तिकडं गेले. आमच्या फळ्यावर सोमवारी असायचं, 'टिटवीने भोसल्यांच्या नांगरटीत चार अंडी घातली.' 'नदीचे पाणी हिरवे झाले आहे व वास येतो.' 'मुंगळे सकाळी पूर्वेकडे गेले, दुपारी परत आले, कारण कळाले नाही.' खाली बातमीदाराचं नाव. ती वाचायला वस्तीवरची मोठी माणसं थांबायची. टिटवीची बातमी आली तेव्हा भोसल्यांनी तेवढा तुकडा सोडून कुळव फिरवला. शाळेच्या फळ्यावर आलंय म्हटल्यावर करतो काय बिचारा.

गुरुजी स्वतः फिरताना फार बोलायचे नाहीत. पक्षी दिसला तर नाव सांगायचे नाहीत. "नाव काय घाईचं नाही, आधी बघ तो काय करतोय," एवढंच. एक सवय मात्र होती. दर थोड्या वेळानं ओठ न हलवता पोरं मोजायचे. उजव्या हाताचा अंगठा पेरांवरून सरकत राहायचा. मला ती जपमाळेसारखी सवय वाटायची, आणि आपण किती निवांत माणसाबरोबर आहोत असं मनात यायचं.

मला मात्र नावं सांगायची भारी हौस. एकदा ओढ्याच्या काठच्या वेलाला सोनेरी, मखमली शेंगा लागलेल्या दिसल्या. पोरं चार पावलं मागं सरली. मला वाटलं, आदरानं. मी एक शेंग तोडली, म्हणजे नियमही मीच मोडला, आणि "निसर्गाची ही मखमल पाहा मुलांनो, किती मऊ" असं म्हणून ती गालावर फिरवली. ती खाजकुइली होती. पुढच्या दहा मिनिटांत मी काय काय नाच केला ते मला आठवत नाही, पण पोरांना आठवतं. अजूनही लग्नकार्यात भेटली की करून दाखवतात. गुरुजींनी न हसता मला खाली बसवलं आणि ताजं शेण आणवून माझं तोंड लिंपून काढलं. सोमवारी फळ्यावर पहिलीच बातमी. 'जगताप सरांनी खाजकुइली गालाला लावली. झाड घाबरले नाही.' मी गुरुजींकडे पाहिलं, की पुसा म्हणाल तर पुसतो. ते म्हणाले, "बातमी खरी आहे ना? मग राहू द्या."

हे मी इतकं रंगवून सांगतो, कारण त्या माणसावर माझा किती विश्वास बसला होता ते कळावं. माझा संदीप तेव्हा माझ्याच सायकलवर पुढं बसून शाळेत यायचा. तो चौथीत गेला आणि घरात शिष्यवृत्ती परीक्षेचा विषय निघाला. मांडवगणातली तीन-चार पोरं शनिवार-रविवार शिरूरला क्लासला जायला लागली होती. माझी बायको मंगल म्हणाली, "मास्तरचं पोरगं आन् शिष्यवृत्तीला न्हाई, लोक काय म्हणतील?" मी गुरुजींना विचारलं. आम्ही नदीकाठी बसलो होतो. संदीप खाली ओल्या वाळूत पालथा पडून कसल्यातरी किड्याचं बीळ बघत होता, अर्धा तास झाला असेल, हलला नव्हता. गुरुजींनी त्याच्याकडे बोट केलं. "जगताप, हे जे तो करतोय ना, ते कुठल्या क्लासात शिकवत नाहीत. परीक्षा काय, पुढं जन्मभर आहेत. त्याला बाहेर राहू द्या."

मी राहू दिलं. नुसतं राहू दिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण मी प्रचारच सुरू केला. पालकसभेत उभा राहून मी छाती पुढं काढून सांगितलं, "माझा स्वतःचा मुलगा मी क्लासला घातलेला नाही!" वस्तीवरच्या चार जणांनी माझं ऐकून आपली पोरं क्लासातून काढली. मंगल घरी म्हणाली, "गुर्जी म्हणत्यात ना, मग गुर्जीच बसू द्या परीक्षेला." मी हसण्यावारी नेलं.

परीक्षेच्या आधीचा रविवार. दौंडला राखीव पोलीस दलातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांकडे जुनी दुर्बीण विकायला आहे, असं मला कळलं होतं. गुरुजींच्या निवृत्तीला वर्ष-सव्वा वर्ष राहिलं होतं. शाळेसाठी दुर्बीण घ्यावी, शनिवारी त्यांच्या हातात ठेवावी, असं माझ्या मनात. त्यांना आधी काही कळू द्यायचं नव्हतं, आणि रविवारी ते घरी असतात म्हणून निर्धास्त होतो. रविवारचं त्यांना कधी काही विचारलं, फिरायला या म्हटलं, तर ठरलेलं उत्तर असायचं. "रविवारी घरची कामं असतात हो." संदीपला घेऊन मी दौंडला गेलो. बाजारपेठेतल्या एका माडीच्या गॅलरीत त्या गृहस्थांनी दुर्बीण माझ्या हातात दिली. उजव्या नळीतून जग लख्ख, डाव्या नळीत अमावस्या. "एक डोळा झाकून बघायचं," ते म्हणाले, "नेम धरायची सवय असलेल्याला काही वाटत नाही." मला नेम धरायची सवय नसल्यानं मला फक्त वायरी दिसल्या. मग संदीपनं ती घेतली, फिरवली, आणि एकदम ओरडला, "आण्णा, गुर्जी!"

मला वाटलं पोरगं थापा मारतंय. त्यानं दाखवलं त्या दिशेनं पाहिलं. रस्त्यापलीकडे एक शिष्यवृत्तीचा क्लास होता, खाली पाटी, वर जायला दगडी पायऱ्या. तिसऱ्या पायरीवर तांबोळी गुरुजी बसले होते. तीच टोपी. गळ्यात लहान पोराची निळी पाण्याची बाटली अडकवलेली, मांडीवर डबा, आणि हातात अपेक्षित प्रश्नसंच. ते तो वाचत होते. बोट ओळीवर ठेवून वाचत होते.

संदीप आनंदानं जिना उतरून पळालाच. मी पोचलो तेव्हा क्लास सुटत होता. पन्नासएक पोरांतून एक गोरा, बूट-मोजे घातलेला मुलगा गुरुजींपाशी आला. त्यांच्या मुलीचा, शमीमचा, मुलगा आरिफ. गुरुजींनी रुमालानं त्याचा घाम पुसला आणि विचारलं, "किती बरोबर आले?" मी चार वर्षं त्यांच्या बाजूच्या खोलीत शिकवलं होतं. 'किती' हा प्रश्न त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होतो.

मग त्यांनी मला पाहिलं. पळून गेले नाहीत, की सारवासारव केली नाही. दोन्ही पोरं एकमेकांना न्याहाळत होती. संदीपनं आरिफला सांगून टाकलं, "तू येत जा की शनिवारी आमच्यासंगं. आम्ही नदीला जातो." आरिफनं आजोबांकडे पाहिलं. गुरुजी म्हणाले, "त्याला सर्दी होते." मी पोरांना समोरच्या रसवंतीवर पाठवलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"जूनपासून. दर रविवारी."

"आणि मला सांगत होता, परीक्षा जन्मभर आहेत म्हणून?"

"ते खोटं नाही, जगताप." ते खाली बघत होते. "तुमच्याकडे बारा एकर बागायत आहे. चुलते सोसायटीत आहेत. संदीप दहा वेळा नापास झाला तरी कुणीतरी त्याला कुठंतरी चिकटवेल. तुमच्या पोराला नापास व्हायला जागा आहे. आमच्या आरिफला नाही. तो कुठल्याही दारात उभा राहिला ना, की आधी नाव विचारतील. नाव ऐकल्यावर दार उघडं राहायचं असेल, तर हातात कागदच असावा लागतो. मोठ्या मार्कांचा."

आज लिहिताना मला त्यातलं खरं दिसतं. तेव्हाही थोडं दिसलं असावं, म्हणूनच मला जास्त राग आला. मी म्हणालो, "हे मला आधी सांगायचं. मी ठरवलं असतं."

"सांगितलं असतं तर शनिवारी संदीपला पाठवला असता का तुम्ही?"

"नसता."

"सरांचं पोरगं येतंय म्हणून वस्तीवरची बाकीची येतात," गुरुजी म्हणाले. "संदीप थांबला असता तर दोन महिन्यांत कुणीच आलं नसतं. सगळी क्लासला." आणि मग, "चाळीस पोरं होती, जगताप..."

म्हणजे माझा मुलगा त्यांनी आमिष म्हणून लावला होता. मी वर जाऊन दुर्बीण परत केली. परतीच्या एसटीत संदीप सांगत होता, की आरिफला रस आवडतो पण लिंबू आवडत नाही.

निकाल लागला. आरिफ जिल्ह्याच्या गुणवत्ता यादीत आला. क्लासशिवाय परीक्षेला बसलेल्या संदीपचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं, आणि माझं ऐकून क्लास सोडलेल्या चौघांचंही नव्हतं. त्यांच्या बापांना तोंड मलाच द्यावं लागलं. मंगल काही बोलली नाही, आणि तिचं न बोलणं मला ऐकवेना.

पुढचं वर्षभर दोन शिक्षकांच्या शाळेत दोन्ही शिक्षक एकमेकांशी बोलत नव्हते. हे दिसतं तितकं सोपं नाही. "गुरुजींना सांग, खडू संपले," असं मी पोराला सांगायचो. गुरुजी दीड हातावर बसलेले असायचे, तरी पोरगं इमानदारीनं वळून सांगायचं. "सरांना सांग, कपाटात आहेत." शनिवारी ते पोरं घेऊन जायचे, मी संदीपला खोलीत बसवून गणितं घालायचो. तो गणितं करायचा आणि खिडकीतून ती रांग लांब जाताना बघत राहायचा. दोन महिन्यांनी माझाच धीर सुटला. मी वहीत तोंड घातलं आणि त्यानं ओळखायचं ते ओळखलं. पळत गेला आणि रांगेत मिसळला.

गुरुजींच्या निरोपाच्या दिवशी मी ताप आल्याचा निरोप पाठवला. घरी बसलो तर मंगल बोलेल, म्हणून सायकल घेऊन निघालो आणि शाळेपासून हाकेवर असलेल्या उसात जाऊन बसलो. भाषणं ऐकू येत होती. आपल्याविषयी काय बोलतात ते ऐकावं, असाही एक सूक्ष्म हेतू होता. माझ्या लक्षात आलं नाही, की या माणसानं पाच वर्षं पोरांना मातीतले माग वाचायला शिकवलं होतं. सायकलच्या चाकाची नक्षी, टाचेला झिजलेली चप्पल... दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो तेव्हा गुरुजी निघून गेलेले, आणि फळ्यावर बारीक अक्षरात बातमी होती. 'जगताप सर आजारी नाहीत. काल उसात बसले होते. रडत होते.' खाली बातमीदाराचं नाव नव्हतं. पण 'र' संदीपचा होता. मी तो फळा पुसला. आणि पोरांना सांगितलं, की मला पानाची धार लागली होती डोळ्याला.

वर्षं गेली. संदीप दहावीला कसाबसा निघाला, आयटीआय झाला आणि कोरेगाव भीमाजवळच्या एका कंपनीत लागला. हेल्मेट, शिफ्ट, डबा. चुलत्यांच्या ओळखीनंच लागला, म्हणजे गुरुजींचा हिशेब अगदी बरोबर आला. तिकडं आरिफ पुण्यात इंजिनिअरिंगला गेला. साप्ताहिकात त्याचा फोटो आला की मी ते पान आधी मनापासून वाचायचो आणि मग त्याच्यावर पोहे खायचो. कधी गुरुजी भेटलेच तर काय सुनावायचं, ते वाक्य मी अकरा वर्षं घोटून ठेवलं होतं. 'तुम्ही दुसऱ्यांच्या पोरांना नदी दाखवलीत, कारण ती दुसऱ्यांची होती.' सायकलवर, अंघोळीला, सभेत बसल्या बसल्या मी ते म्हणून बघायचो. आता ते म्हणायला माणूसच उरला नाही, याचा राग वेगळा.

फोननंतर आठ दिवसांनी संदीप म्हणाला, "उद्या सुट्टी हाय माझी. केडगावला जातोय. येता का?" मी गाडीवर मागं बसलो. त्यानं वाट कुणाला विचारली नाही. स्टेशनाच्या बाजूच्या गल्लीत दोन वळणं अशी घेतली, की जणू घरीच चाललाय. दारातलं कुत्रं माझ्यावर भुंकलं आणि त्याच्याकडे बघून शेपूट हलवायला लागलं. शमीम बाहेर आली, डोक्यावरचा पदर सारखा करत. "या सर," म्हणाली, आणि मग त्याला, "संदीप, चहा तुझा नेहमीसारखा, बिनदुधाचा ना?"

नेहमीसारखा. मी संदीपकडे पाहिलं. तो चपला काढण्यात फार गुंतला होता.

"किती दिवस येतोयस इथं?"

"कंपनीत लागल्यापासनं. आठवड्याची सुट्टी असली की." मान वर न करता. "तुम्हाला सांगितलं असतं तर येऊ दिलं असतं का?"

घरातच फितुरी. मी आत जाऊन बसलो.

आरिफ पंधरा दिवसांची रजा घेऊन आला होता. उंच झाला होता, चष्मा लागला होता. त्यानं संदीपकडे एकदाच पाहिलं, आणि त्या नजरेत मित्रत्व नव्हतं. चहा झाला, शमीम आत गेली, तेव्हा तो म्हणाला, "सर, एक विचारू? मी लहान असताना नाना शनिवारी घरी यायचे तेव्हा चपला चिखलानं भरलेल्या असायच्या. पायजम्याला कुसळं. मी ती एकेक काढून द्यायचो. कुठं गेला होता विचारलं, तर म्हणायचे शाळेत. मला कधीच का नेलं नाही? सर्दी होते म्हणायचे. मला सर्दी होतच नाही." तो हसला, पण ते हसणं बरं नव्हतं. "आणि आता शेवटच्या दोन महिन्यांत मी पुण्याहून यायचो, तर हा उशाशी बसलेला. दोघं कुठल्या कुठल्या पाखरांचं बोलतायत. मी आलो की नाना लगेच विचारायचे, सबमिशन झालं का. माझ्याच घरात मी पाहुणा होतो, सर."

माझं घोटलेलं वाक्य घशातच राहिलं. ज्या पोराच्या नशिबावर मी अकरा वर्षं जळलो, तो माझ्याच पोरावर जळत होता. मला एकच खरी गोष्ट देता येण्यासारखी होती, ती मी दिली. दौंडच्या पायरीवर गुरुजी काय बोलले होते, ते शब्दाला शब्द सांगितलं. नापास व्हायच्या जागेचं. दाराचं आणि नावाचं. आरिफनं चष्मा काढून पुसला, परत घातला. "बरोबर असेल त्यांचं," तो म्हणाला. "पण मला विचारायचं तरी."

मग त्यानं गुरुजींची खोली दाखवली. कॉट, कोपऱ्यात मडकं, आणि भिंतीला लावून त्याचं चौथीपासूनचं अभ्यासाचं टेबल. टेबलाच्या बरोबर समोर, डोळ्यांच्या उंचीवर, एक मोठं कॅलेंडर टांगलेलं. संदीपला ते माहीत असावं, तो दारातच थांबला. मी जवळ गेलो तर कॅलेंडरच्या कडेनं उजेडाची रेघ येत होती. त्याच्या मागं खिडकी होती. दारातून शमीम म्हणाली, "अब्बांनी लावलंय ते. पोराचं लक्ष उडतं म्हणाले. दर वर्षी जुनं काढून त्याच खिळ्याला नवं." बाहेर काय आहे ते गल्लीतून येताना मी पाहिलं होतं, बाभळी, आणि त्यांच्यावर सुगरणींची घरटी. एकेचाळीस पोरांना माळावर सोडणाऱ्या माणसानं आपल्या नातवाची खिडकी कॅलेंडरनं बुजवली होती. आणि स्वतः त्याच खोलीत, त्याच कॉटवर, शेवटपर्यंत पडून राहिला होता... तो आजारी पडल्यावर तरी ते काढायचं. नाही काढलं.

आरिफनं कॅलेंडर उतरवलं. मागं लाकडी झडपा होत्या. एका झडपेची फळी निखळलेली, आणि दोन झडपा जुळतात तिथं मातीचे तीन फुगीर गोळे चिकटलेले. मी लगेच म्हणालो, "उंदरांनी माती आणलीय." संदीप पुढं आला, वाकला. "कुंभारमाशी हाय. आत अळी असंल. झडप उघडलीस तर मधोमध फुटंल. पंधराएक दिवस थांब." आरिफनं खुर्ची ओढली आणि नाक टेकेल इतक्या जवळून त्या गोळ्यांकडे बघत बसला. आम्ही निघालो तेव्हाही तो तसाच बसला होता.

परवा सकाळी त्याचा फोन आला. मी संदीपला हाका मारून उठवत होतो, त्याची फर्स्ट शिफ्ट होती, कंपनीची गाडी चुकली की हजेरी जाते. आरिफचा आवाज वेगळाच लागला होता. "सर, दोन गोळ्यांना भोकं पडली. एक माशी माझ्यासमोर बाहेर आली. पंख वाळवत बसली होती, वीस मिनिटं. तिसरा गोळा अजून बंद आहे."

"अरे, पण तुझी रजा संपली असेल ना? कॉलेज?"

"आज प्रॅक्टिकल आहे. बुडेल." आणि मग, "जाऊ का, सर?"

"बुडू दे रे!" मी म्हणालो. एवढ्या मोकळ्या मनानं मी आयुष्यात कुणाला काही म्हणालो नव्हतो. "प्रॅक्टिकल काय, पुन्हा होईल. तू बघ, बाहेर कशी येते ते."

फोन ठेवला. मागं संदीप उभा होता, डबा हातात, बुटाची नाडी अर्धी बांधलेली. त्यानं सगळं ऐकलं होतं. "आण्णा," तो म्हणाला, "मीबी आज दांडी मारू का? केडगावला जाऊन येतो. तिसरा फुटायच्या आत पोचंन."

"तुझं वेगळं आहे," मी म्हणालो. "गाडी जाईल. नीघ."